निळ्या काठाची बशी

“खोली छान आहे गं, नाही असं नाही. पण कोणीतरी इथं मनसोक्त ओढून गेलंय. आणि दारावर पाटी काय, तर धूम्रपान सक्त मनाई! पाटी वाचत वाचतच ओढली असणार मेल्यानं.”

दाराच्या अलीकडे मी दोन धुतलेले टॉवेल हातावर घेऊन उभी होते. दार पातळ आहे. पलीकडे दुपारीच आलेली वकीलबाई बहिणीशी की मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, आणि तिचा आवाज कोर्टातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायला सरावलेला. टकटक करायला उचललेला माझा हात तसाच हवेत राहिला. पाहुण्यांच्या कुरकुरीचं मला नवल नाही. उशी फार मऊ, उशी फार कडक, खिडकीतून उजेड फार येतो, येतच नाही. लेकीचं लग्न झाल्यापासून तिची खोली आम्ही दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांना भाड्यानं देतो, त्याला आता चार वर्षं झाली, आणि ह्या चार वर्षांत मी सगळं ऐकून घेऊन हसून मान डोलवायला शिकले आहे. पण आज सकाळी नऊ वाजता मी ह्याच खोलीत पंधरा मिनिटं उभी होते. पडद्याच्या चुण्या नाकाशी धरल्या होत्या, मग उशी, मग कपाटाचा आतला कोपरा, कारण धूर हवेतून जातो पण कापडात आणि लाकडात मुक्काम करतो. बाहेर येऊन ह्यांना म्हणाले होते, “स्वच्छ आहे. काही वास नाही.” आणि हे पेपरातून मान वर न करता म्हणाले होते, “इन्स्पेक्टरबाईंनी पास केलं ना, मग झालं.”

आता लिहितेच. मला वास येत नाही. गेल्या थंडीत आठ दिवस ताप आला, ताप गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. तापातून उठले आणि पहिल्यांदा गॅसवर दूध ठेवलं, ते उतू जाऊन, करपून, भांडं काळं होईपर्यंत मी शेजारी उभं राहून चमचे पुसत होते. आधी वाटलं, नाक चोंदलंय. मग सर्दी पुरती गेली तरी साबण म्हणजे नुसता गुळगुळीत दगड, आणि सूप म्हणजे मीठ घातलेलं गरम पाणी. ट्रंकेत आईची एक शाल आहे. ती मी वर्षातून दोन-तीनदा उघडून, तोंडावर धरून परत ठेवते. त्या दिवशी उघडली तर ती शाल होती, लोकरीची, करड्या रंगाची, कोणाचीही. मी ती घडी न घालताच आत कोंबली आणि ट्रंकेवर बसून राहिले. आठ महिने झाले. मी कोणाला सांगितलं नाही. ह्यांना नाही, लेकीला नाही, डॉक्टरलाही नाही.

का नाही सांगितलं, ह्याचं एक उत्तर मी स्वतःला देते ते असं, की माझ्याजवळ दुसरं होतं काय. शाळा अर्धवट सुटली. अकरा वर्षं लाँड्रीच्या काउंटरवर उभी राहिले, आणि तिथं माझ्या ध्यानात आलं की कपडा हातात घेतला की मला घर कळतं. ही चादर आजारी माणसाच्या खोलीतली, हा शर्ट दोन घरांत वावरणाऱ्याचा. चिठ्ठ्या हरवल्या की मालक मलाच हाक मारायचे, “अगं नाकवाली, बघ बरं हे कोणाचं.” आणि मी सांगायचे. हे तेव्हा नकाशे काढायच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. आठवड्याला तीन शर्ट आणायचे. शाईचा वास आणि त्यावर सिगरेटचा, गोडसर, किंचित जळका. त्यांच्या शर्टांना मी कधी चिठ्ठी लावलीच नाही. शंभर शर्टांच्या ढिगात हात घालून मी ते तीन काढायचे. एकदा ते म्हणाले, “चिठ्ठी नाही, पावती नाही, हरवला तर?” मी म्हणाले, “तुम्ही हरवलात तरी सापडाल.” एवढ्यावर लग्न झालं. लेक चिडवायची, की बाबांना आईनं धुवायला टाकलेल्या कपड्यांतून उचललं.

पण खरं उत्तर ते नाही. खरं उत्तर दीड वर्षापूर्वीचं आहे. ह्यांच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला तेव्हा सर्जननं मला बाहेर बोलावलं, पांढऱ्या फळ्यावर दोन फुगे काढून दाखवले आणि एकाचा तुकडा बोटानं पुसला. म्हणाले, “उरलंय ते पुरेल. पण सिगरेट पुन्हा नाही. एकसुद्धा नाही. पुन्हा सुरू झाली तर माझ्याकडे कापायला काही शिल्लक नाही.” मग माझ्याकडे बघून जरा हसून म्हणाले, “तुमच्या नाकाबद्दल पेशंटनं सांगितलंय. तुमच्यावर सोपवतो.” त्या दिवसापासून आमच्याकडे रीत पडली. हे संध्याकाळी फिरून आले की दारातच मान पुढे करतात, मी कॉलर धरते, एक लांब श्वास घेते आणि म्हणते, “पास.” मगच चप्पल काढायची. सुरुवातीला चेष्टा होती, मग सवय झाली, मग असं झालं की लेकीचा फोन आला आणि तिनं विचारलं, “बाबा कसे आहेत?” की मी म्हणायचे, “पास.” तिला तेवढं पुरायचं. ताप गेल्यानंतर मी जर म्हणाले असते, की अहो, माझं नाक गेलं, तर राखणदारानं आपल्या हातानं कुलूप काढून ठेवल्यासारखं झालं असतं. म्हणून मी कॉलर धरत राहिले. कुत्रा गेला तरी ‘कुत्र्यापासून सावध’ची पाटी लोक फाटकावर ठेवतातच की. मी पाटी झाले.

पाटीवरून आठवलं. खोलीच्या दारावरची ही तिसरी. पहिली मी लिहिली होती, कृपया धूम्रपान करू नये. ती वाचून एक पाहुणा म्हणाला होता, “कृपया म्हणजे थोडी चालेल ना?” दुसरीत सक्त मनाई आली. त्यानंतर एकजण न्हाणीघरात शॉवर सोडून ओढायचा, जसा धूरही अंघोळ करून स्वच्छ होणार होता. एकीनं सांगितलं, मी नाही ओढली, माझ्या कोटाला वास असतो. मी कोट हुंगला, मग तिचा हात हुंगला, आणि म्हणाले, “कोटाला बोटं असतात का हो?” तिनं निमूटपणे खाली बाकाजवळचा, ओढणाऱ्यांसाठी मी ठेवलेला वाळूचा डबा गाठला. ते दिवस माझे होते. मी भांडत नसे. आल्या आल्या विचारायचे, ओढता का? हो म्हणाले तर डबा दाखवायचे, पावसासाठी छत्री द्यायचे. बहुतेक माणसं, विश्वास टाकला की सरळ वागतात. मग तिसरी पाटी ह्यांनी काढली, ऑपरेशननंतर घरी बसून होते तेव्हा. खाली तीच सक्त मनाई, वर काट मारलेली सिगरेट. काट एका फटक्यात मारलेली, पण धुराची वेटोळी किती नाजूक, किती सावकाश, पेन्सिल ओली करून करून काढलेली. मी म्हणालेही, “धुरावर फार मेहनत घेतलीत.” तर म्हणाले, “नकाशात नदी असली की ड्राफ्ट्समन रमतोच.”

“बाहेर कोण आहे?” वकीलबाईनं दार उघडलं तेव्हा मी टॉवेल छातीशी धरून उभी. वयानं माझ्याच बरोबरीची, चष्मा केसांत खोचलेला. “या, आत या. ऐकलंत ना सगळं? बरं झालं, दोनदा सांगायला नको.”

“तुम्ही येण्याआधी मी स्वतः तपासली होती हो खोली. आधीच्या पाहुण्यानं कदाचित...”

“आधीचा पाहुणा कधी गेला?”

“काल दुपारी.”

“मग तो नव्हे.” ती खोलीच्या मध्यभागी उभी राहून जोरात श्वास घेऊ लागली, आणि मीही, तिच्या बरोबरीनं, वेड्यासारखी. माझ्या नाकातून नुसती थंड हवा आत गेली. “काल ओढली असती तर पडद्यात असती. पडद्याला साबणाचा वास येतोय. हे हवेत आहे. आज दुपारची आहे ही, मी यायच्या तासभर आधीची. तुम्हाला नाही येत?”

“येतोय तर,” मी म्हणाले. “चांगलाच येतोय.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. साक्षीदाराकडे पाहतात तसं असावं. मी कधी पिंजऱ्यात उभी राहिलेली नाही. मग ती खिडकीशी गेली, हात बाहेर घालून कठड्यावरून काहीतरी उचललं आणि माझ्या टॉवेलांवर ठेवलं. “ही तिथं होती, कुंडीमागे. मी तक्रार लिहिणार नाहीये, घाबरू नका. मला दोन रात्री झोपायचंय आणि परवा माझी तारीख आहे. पण बाई, बावीस वर्षं मी लोकांचं खोटं ऐकतेय. ही बशी खरं बोलतेय. एक तर ती पाटी काढा, नाहीतर ओढणाऱ्याचं तरी काहीतरी करा.”

बशीत पाण्याचा ओघळ होता, राखेनं करडा झालेला, आणि चिरडलेलं एक थोटुक. पाहुण्यांना मी काचेच्या पांढऱ्या बशा देते, फुटल्या तर जीव जळू नये म्हणून. ही निळ्या काठाची होती. लग्नातल्या सहांपैकी. त्यांतली एक कधीपासून दिसत नव्हती, आणि हे म्हणाले होते, “फुटली असेल, तू विसरलीस.” मी विसरले असेन, असं मी मान्यही केलं होतं. ह्या वयात बायका विसरतात, असं सगळे म्हणतात.

स्वयंपाकघरात येऊन मी बशी ओट्यावर ठेवली आणि वर पातेलं झाकलं, जणू ती उडून जाणार होती. साडेचार झाले होते. हे चार वाजता फिरायला जातात, सहाला येतात. दुपारी बारा वाजता म्हणाले होते, “खोलीतला बल्ब मिणमिणतोय, बदलून येतो.” बल्ब बदलायला किती वेळ लागतो? मी तेव्हा घड्याळ पाहिलं नव्हतं. आता त्या बारा वाजताच्या घड्याळाकडे मी पुन्हा पुन्हा मान वळवून पाहत होते. भिंतीवर गॅसचा वास पकडणारं ते छोटं यंत्र हिरवा डोळा उघडून बसलं होतं. हे उन्हाळ्यात घेऊन आले, “स्वस्तात मिळालं” म्हणून. फ्रिजमधल्या डब्यांवर ह्यांच्या ठळक, सरळ अक्षरांत तारखा. दूध मी चहात ओतण्याआधी हे हातातून भांडं घेतात, “दे, मी ओततो.” रिटायर झालेल्या माणसाचे चाळे म्हणून मी ते सोडून दिलं होतं. आणि मग, पातेल्याखालच्या बशीकडे बघता बघता, मला ती नर्स आठवली.

दोन महिन्यांपूर्वी आली होती. हॉस्पिटलात मुलाखतीला, चार दिवसांसाठी. पहिल्या दिवशी दिवसभर बाहेर होती, आणि दुपारी हे तिचे टॉवेल बदलायला आत गेले होते. संध्याकाळी मी दारात उभी राहिले, नजर खिडकीकडे गेली, आणि कठड्यावर राख. मी राख पाहिली, आत उशाशी जाऊन लांब श्वासही घेतला. पण मी म्हणाले काय, तर, “मला दारातूनच वास आला.” नाकवाली होते ना मी. पोरगी उठून उभी राहिली. “बाई, मला दमा आहे. हा बघा पंप. मी कशी ओढेन?” मी म्हणाले, “सगळे असंच म्हणतात.” कोटाला बोटं असतात का, हा जुना डावही टाकून पाहिला, आणि ती रडकुंडीला आली ते मी पकडलं गेल्याचं लक्षण मानलं. एवढ्यावर थांबले असते तर. खोल्या भाड्यानं मिळतात त्या साइटवर, तिच्या नावाखाली, मी लिहिलं: बंद खोलीत सिगरेट ओढते, वर खोटं बोलते. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधून टाइप केलं. त्या वेळी हे शेजारी बसले होते. म्हणाले, “जाऊ दे गं, पोर आहे.” मी म्हणाले, “तुमचा जीव गेला असता त्या धुरानं, आणि तुम्ही तिची बाजू घेताय?” त्यावर हे उठून गेले. मला वाटलं होतं, माझी काळजी त्यांना भिडली.

नर्सनं तिसऱ्याच रिंगला फोन उचलला. मी कोण ते सांगितलं. पलीकडे ट्रॉलीच्या चाकांचा खडखडाट.

“नोकरी मिळाली का?” मी विचारलं.

“मिळाली. खोली नाही मिळाली. दोन घरांनी नाही म्हणून कळवलं, तुम्ही लिहिलेलं वाचून. सध्या एका सिनियरच्या सोफ्यावर झोपते. बोला.”

“मी ते काढून टाकतेय. आज, आत्ता. तू ओढली नव्हतीस.”

“मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“हो.”

“मग कोणी ओढली होती?”

“चौकशी चालू आहे,” मी म्हणाले. हे वाक्य कुठून आलं देव जाणे. एखाद्या हवालदाराच्या तोंडचं.

ती हसली नाही. “बाई, रागावू नका. त्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या मुलाखतीसाठी मी नखांचा रंग काढत बसले होते. आम्हा नर्सना चालत नाही रंग. ते पातळ औषध असतं ना रंग काढायचं, ते अर्धी बाटली चादरीवर सांडलं होतं. माझेच डोळे चुरचुरत होते, म्हणून खिडकी उघडली होती. मला भीती होती, तुम्ही त्यावरून ओरडाल. तुम्ही उशाशी येऊन उभ्या राहिलात, लांब श्वास घेतलात, आणि म्हणालात, सिगरेटचा वास येतोय. त्या औषधाबद्दल एक शब्द नाही. नंतर मी बरेच दिवस विचार करत होते. एक विचारू का तुम्हाला?”

“नंतर,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

ते लिहिलेलं मी काढलं. त्या जागी काय लिहायचं ते सुचेना, तेव्हा लिहिलं: चूक माझी होती, ही मुलगी खरी आहे. मग टेबलाशी बसून राहिले. शेजारच्या खोलीत वकीलबाई कागद वाचत येरझाऱ्या घालत होती. सहा वाजायला बराच वेळ होता, आणि त्या वेळात माझ्या मनात संताप यावा असं मला फार वाटत होतं. यायचा, आणि मधेच पाय घसरून पडायचा. कारण ह्या आठ महिन्यांत मी एकदा गुपचूप, वाळूच्या डब्याजवळ खाली बसून, पाहुण्यानं अर्धवट टाकलेली सिगरेट नाकाशी धरली होती. पेटलेली. डोळ्यांत पाणी आलं, घसा खवखवला, पण तो शाईवरचा गोडसर जळका वास, ते तीन शर्ट, काउंटरवरची ती दुपार, काही काही आलं नाही. तो वास ह्यांना मारतोय हे मला ठाऊक आहे. आणि तो पुन्हा एकदा यावा म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं, हेही खरं आहे. ही दोन वाक्यं एकाच बाईच्या डोक्यात कशी नांदतात ते मला माहीत नाही. नांदतात.

सर्जनचा पुसलेला फुगा डोळ्यांपुढून हलेना. उरलंय ते पुरेल. पुरत होतं का? परवा दुसऱ्या मजल्यापाशी हे थांबले होते, म्हणाले, बुटाची नाडी सुटली. आज सकाळी चप्पल घालून गेले होते तरी थांबले होते.

सहाला पाच कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. खालच्या मजल्यावर थांबली. मी मोजलं, अकरा श्वास. मग वर आली. मी दार उघडलं. हे नेहमीसारखे उभे, एक हात चौकटीवर, ओठ जरा निळसर की उजेडच तसा. तोंडात बडीशेपेचे दाणे चघळत असावेत, जबडा हलत होता. “काय, पाहुणीबाई खूश?” म्हणाले, आणि मान पुढे केली.

मी कॉलर दोन्ही हातांनी धरली. रोजच्यापेक्षा जवळ गेले, इतकी की गळ्याजवळची शीर माझ्या ओठाला लागली. आणि मी श्वास घेतला. तपासायला नव्हे, खरोखर, बुडणारा माणूस घेतो तसा. कापडाची ऊब आली. घामाचा ओलावा आला. त्यांच्या छातीतली बारीक शीळ ऐकू आली, दूरच्या किटलीसारखी. बाकी काही नाही. मी दुसरा श्वास घेतला. तिसरा.

“बास की,” हे हसत म्हणाले. “झोपलीस का काय? बोल, पास?”

मी कॉलर सोडली नाही.

“मला वास येत नाही,” मी म्हणाले. “तापापासून. तुमचा नाही, दुधाचा नाही, कशाचाच नाही.”

जबडा हलायचा थांबला. माझ्या खांद्यावरून त्यांची नजर स्वयंपाकघरात गेली, ओट्यावर, पालथ्या पातेल्यापर्यंत. सकाळी त्या जागी पातेलं नव्हतं. घरात कुठली वस्तू कुठे असते हे ज्यांनी आयुष्यभर नकाशे काढले त्यांना विचारावं लागत नाही.

“माहीत आहे मला,” हे म्हणाले.

“माहीत आहे?”

“गॅसचं ते यंत्र काय हौस म्हणून आणलं? डब्यांवर तारखा काय हौस म्हणून घालतो? एकटी असलीस आणि काही झालं तर?” आवाज चढला आणि मध्येच तुटला, श्वास पुरला नाही. पलीकडच्या खोलीतल्या येरझाऱ्या थांबल्या होत्या.

“कधीपासून माहीत आहे?”

त्यांनी चौकटीवरचा हात काढला आणि माझ्या मुठींवर ठेवला, कॉलर सोडवायला नव्हे, नुसता.

“थंडी संपत आली होती. तू तापातून नुकती उठली होतीस. मी बाकावर बसून एक ओढली. एकच. आणि तोंड न धुता, काही न चघळता सरळ वर आलो. म्हटलं, आता ही पकडेल, दोन ठेवून देईल, आणि सुटेन एकदाचा. तू कॉलर धरलीस. असाच लांब श्वास घेतलास. आणि म्हणालीस, पास.”